बेसिनखालची बाटली आणि माझं नाक

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून आमच्या घरात काही लपत नाही, एवढं एक सोडून. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या न्हावऱ्याचे नाही, म्हणून असेल.

गोष्ट बेसिनखालच्या पाईपची आहे. हसा, हरकत नाही. मीही आधी हसलो होतो.

पण त्याआधी माझ्या नाकाबद्दल सांगायला हवं. आमच्या गावच्या दूध केंद्रावर मी बावीस वर्षं दूध घेतोय. फॅट मशीन सांगतं, पण दूध आंबलंय का, हे मी कॅनचं झाकण उघडून सांगतो. या नानानं वास घेतला आणि मान हलवली, की कॅन परत. सरपंचांचासुद्धा गेलाय. या नाकाचा मला — खोटं कशाला बोलू — माज होता.

तर गेल्या वर्षी आम्ही नवीन बाथरूम बांधलं. नळाचं काम बशीरमामांनी केलं. सत्तरी गाठलेला माणूस, अर्ध्या गावाचे नळ त्यांच्या हातचे. घरी दोन म्हशी आहेत, त्यांचं दूध रोज सकाळी माझ्याच केंद्रावर येतं. मामांनी बेसिनखाली बॉटल ट्रॅप बसवला — म्हणजे पांढरी प्लॅस्टिकची बाटली, बेसिनचं पाणी तिच्यातून खाली जातं. दोन महिन्यांनी पाणी जरा हळू जायला लागलं. बायको माहेरी दौंडला गेली होती. म्हटलं, एवढ्यासाठी मामांना कशाला बोलवायचं? खाली बसलो, बाटली फिरवून उघडली. आत वाटीभर काळं पाणी साठलेलं!

आता तुम्हीच सांगा — ज्या माणसानं जन्मभर एकच नियम पाळला, की दुधाच्या नळीत थेंब राहता कामा नये, राहिला की आंबतो — त्याला काय वाटणार? मला वाटलं, मामा चुकले. पाणी साठेल असा पाईप कोणी बसवतं का? शिरूरला जाऊन सरळ पाईप आणला, बाटली काढून माळ्यावर टाकली आणि पाईप थेट खालच्या भोकात घातला. पाणी काय पळालं म्हणता! एकटाच पाच वेळा चूळ भरून बघितली.

बायको आली तोवर वास सुटला होता. तिनं मेलेल्या उंदराच्या शोधात कपाट हलवलं, बाटलीभर फिनेल ओतलं. मला? मला पहिल्याच सकाळी कळलं होतं, वास माझ्या सरळ पाईपातून वर येतोय. बोललो का? छे. मला तर काहीच येत नाही, म्हणालो. मी! या नाकानं! बायकोला वाटलं सर्दी झाली. तिनं आठवडाभर काढा पाजला आणि मी तो मुकाट्यानं प्यालो.

मग गावची जत्रा आली. जेवायला दहा-बारा माणसं. दौंडचे मेहुणे हात धुवायला गेले आणि नाकाला टॉवेल लावून परत आले. विचारलं, काम कोणी केलंय? मी म्हणालो, बशीरमामांनी. हे खोटं होतं का? बेसिन त्यांनीच बसवलं होतं ना? तेवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ — पण पुढे म्हणालो, "वय झालं आता त्यांचं."

हे वाक्य दुसऱ्या दिवशी माझ्याच केंद्राच्या रांगेत उभं होतं. शाळेच्या नव्या मुताऱ्यांचं काम तेव्हा निघालं होतं. सरपंचांनी हळूच विचारलं, "नाना, मामांच्या कामाला वास मारतो म्हणं?" मी कॅन परत पाठवताना हलवतो तशी मान हलवली. काम शिक्रापूरच्या माणसाला गेलं.

वासानं शेवटी मीच कंटाळलो. शिरूरच्या त्याच दुकानदाराला आडून आडून विचारलं, तर तो पोट धरून हसला. बाटलीतलं साठलेलं पाणी हेच झाकण असतं, म्हणाला, गटाराचा वास तेच अडवतं. दुधाचा माणूस मी — झाकणच फेकून दिलं होतं! घरी येऊन गुपचूप बाटली परत बसवली. सांध्यावर पांढरी टेप गुंडाळली आणि सुटलो म्हटलं.

त्याच संध्याकाळी मामा आपणहून आले. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. ते पिशवी घेऊन बेसिनखाली गुडघ्यावर बसले, मी बॅटरी धरली. त्यांनी बाटली सोडवली — आणि हात थांबला. मी टेप उलटी गुंडाळली होती, आट्यांच्या विरुद्ध. कोणताही नळवाला तशी गुंडाळणार नाही. मामांनी ती सावकाश सोडली, नवी लावली, बाटली घट्ट केली. बाहेर येऊन माझ्या बायकोला म्हणाले, "माझंच चुकलं, सूनबाई. टेप नीट बसली नव्हती." माझ्याकडे बघितलंही नाही. मला इतकी लाज वाटली, की मी चहात साखर हवी का, हे तीनदा विचारलं.

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळी मामांच्या कॅनचं झाकण उघडलं. दूध आंबलं होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझी मान हलली नाही. कॅन ओतायला उचलला, तर मामांनी माझा हात धरला.

"नगं नाना, आंबलंय ते. रातीच्याला कॅन नीट धुतला न्हाई. माझी चूक हाय."

मोठ्यानं म्हणाले, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं. कोणी हसलं, कोणी म्हणालं होतं असं कधीमधी. मामाही हसले आणि कॅन घेऊन बाजूला झाले. इतकं सोपं होतं ते. सरपंच रांगेत होते. जत्रेला माझ्या घरी जेवलेले चौघं होते. मामा तिथेच, माझ्या समोर उभे होते. मी तोंड उघडलं.

म्हणालो, "पुढचा कॅन."