झाकणबाई

संशोधन संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर तिला सगळे झाकणबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण ही बाई नाकावर माशी बसू देत नसे. त्वचेच्या कॅन्सरच्या पेशी काचेच्या ताटल्यांत, गुलाबी पोषक पाण्यात वाढवायच्या, त्यांना औषध घालायचं आणि वाढ थांबते का ते बघायचं, हे तिचं काम. नाव पडलं ते तिच्याच पालुपदावरून. "उन्हाने पेशीतल्या जनुकांची अक्षरं बिघडतात, हे शेंबडं पोरही सांगेल," ती म्हणायची. "पण पुष्कळदा वाढीला लगाम घालणारं जनुक धडधाकट असतं. त्याच्यावर नुसतं झाकण बसलेलं असतं. बरणी भरलेली, पण उघडत नाही, एवढंच."

एवढंच कळायला जगाला अक्कल नाही, असं तिचं मत होतं. विभागप्रमुख उंटावरून शेळ्या हाकणारे. नवरा "ज्याच्या त्याच्या नशिबात" म्हणणारा, म्हणजे त्याला तर सोडूनच द्या. सगळ्यात वाईट ते कसलाही डाग घालवतो म्हणणारे मलमवाले आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणारी गिऱ्हाइकं. धाकट्या भावाकडे जेवायला गेली असता फळीवर असली एक डबी दिसली, तेव्हा तिने ती उचलून सरळ कचऱ्यात टाकली.

"डोकं गहाण ठेवलंय का?" तिने भावजयीला विचारलं. "ही लावून डाग गेलेला एक माणूस दाखव मला."

भावजय बिचारी ताटं आवरत राहिली. डबी कोणत्या डागासाठी आणली होती, हे विचारायचं मात्र विदुषींच्या डोक्यात आलं नाही.

या तिरस्कारातून सुटलेला माणूस एकच, हा धाकटा भाऊ. तो पत्र्याची छपरं बसवायचा, भर उन्हात, उघड्या अंगाने. शर्ट घाल म्हणून ती सांगून थकली, पण पालथ्या घड्यावर पाणी. तरी ताईच्या शिकण्याचं कौतुक ताईपेक्षा त्यालाच जास्त. संस्थेने लोकांसाठी तिचं भाषण ठेवलं, तेव्हा तो इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला होता.

भाषण रंगलं. पडद्यावर तिने दोन फोटो दाखवले. पहिल्यात पेशी खांद्याला खांदा लावून ताटलीभर दाटलेल्या, दुसऱ्यात औषधानंतर विरळ, मरगळलेल्या. "झाकण काढता येतं," ती म्हणाली. "आम्ही काढलं." टाळ्यांचा कडकडाट झाला. तिच्याकडे तिसराही फोटो होता. औषध धुऊन साधं गुलाबी पाणी घातल्यावर त्याच पेशींवर झाकणं परत बसली होती आणि ताटली पुन्हा भरली होती. तो तिने दाखवला नाही. सामान्य लोकांना एवढा तपशील कशाला, अशी तिने स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर टाळ्या चालू होत्या आणि त्या तिला आवडत होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊ तिच्या गच्चीवरचा पत्रा बदलायला आला आणि सवयीने शर्ट काढून कामाला लागला. पाणी घेऊन आलेल्या तिला त्याची पाठ दिसली. खांद्याच्या हाडाखाली काळा डाग, कडा वेड्यावाकड्या, एक कोपरा वर आलेला आणि त्यावर रक्ताची खपली. डाग कशाचा, हे तिला तत्काळ कळलं. तोंडातून मात्र नेहमीचीच भाषा आली.

"कधीपासून आहे हे? आणि अजून ते मलमच चोपडताय ना? तुझ्या बायकोला..."

"तिला काही बोलू नकोस," तो खाली उतरत म्हणाला. "तू डबी फेकलीस, तेव्हापासून मलम बंद आहे. उलट तिने डॉक्टरची वेळ घेतली होती. मीच गेलो नाही."

"का?"

"अगं, ते कापणार, मग कामावर खाडे. आणि तू म्हणालीस ना, झाकण काढता येतं? म्हटलं, ताईचं औषध आज ना उद्या येईलच. घरात औषध असताना परक्याच्या हातात पाठ कशाला द्यायची?" त्याने पाणी पिऊन पेला परत दिला. "झालं का तयार?"

मूर्ख कोण, हे ठरवायला तिला एरवी क्षण लागत नसे. आता ती शोधू लागली. मलमवाला निसटला होता. भावजय, जिचं डोकं तिने गहाण ठेवलेलं ठरवलं होतं, तिने तर डॉक्टरची वेळही घेतली होती. राहिला भाऊ, आणि त्याने तर फक्त ताईचा शब्द मानला होता.

तिने त्याच दिवशी त्याला सर्जनकडे नेलं. डाग कापला, पण रोग काखेतल्या गाठीपर्यंत पोचलेला निघाला. सर्जनने पुढच्या उपचारांचं सांगितलं, बरं होण्याचं मात्र काही सांगितलं नाही. खोलीत दोघंच उरल्यावर भावाने पुन्हा विचारलं, "तुझं ते औषध आता देता येईल का गं?"

"ते माणसांसाठी नाही अजून," ती म्हणाली. "आणि थांबवलं की झाकण परत बसतं. मला खूप लाज वाटतेय. हे मला तेव्हाही माहीत होतं."

त्याने शर्ट अंगात चढवला.

"मग सांगायचंस की," तो म्हणाला, आणि शर्टाची बटणं लावू लागला.