पाणी येऊन तिसरा दिवस

“अक्काला साधा वार सांगता येईना. घर बंद करून पुण्याला माझ्याकडे नेतो तिला,” काका माझ्या वडिलांच्या कानाशी पुटपुटले. फिनेलचा वास आला की मला सोलापूरचा तो दवाखाना अजून आठवतो. शेजारच्या घरात एकटी राहणारी माझी आत्या, म्हणजे काकांची अक्का, दोनदा गॅसवर दूध विसरली होती, म्हणून आम्ही तिला तपासायला आणलं होतं. डॉक्टरांनी लक्षात ठेवायला दिलेल्या तीन शब्दांपैकी दोन तिने बरोबर सांगितले. मग त्यांनी आजचा वार विचारला, तेव्हा ती वैतागली. “वाराचं काय घेऊन बसलाय? नळाला पाणी येऊन आज तिसरा दिवस हाय की!” काका हसले. डॉक्टरांनी कागदावर फुली मारली. आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. बी-ट्वेल्व्ह कमी झालं तरी माणूस विसरतो, आधी रक्त तपासू, असं डॉक्टर सांगत होते, पण काकांचं ठरलं होतं. चारचौघांत बोलायचं म्हटलं की इंग्रजी शाळेमुळे माझं वाक्य आधी मनात इंग्रजीत जुळायचं आणि तोवर विषय पुढे गेलेला असायचा. त्या दिवशी नंतर कोण काय म्हणालं, ते आता मला नीट आठवत नाही. माझा मोठा झालेला आवाज मात्र आठवतो. “काका, बरोबर सांगितलंय तिने. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि पुढचं पाणी कधी ते पूर्ण गल्ली तिलाच विचारते, मग भरायची भांडी घासून ठेवते. तिला नेऊ नका.”