गाठीवरचं बोट

अक्का राखी बांधायला आली की तिला सांगून टाकायचं, दुकानातल्या माझ्या स्टुलावर आता दुसरा माणूस बसव. चिमट्याने हे सकाळी उठल्या उठल्या ठरवलं होतं आणि आंघोळ होईपर्यंत पुन्हा पुन्हा घोकूनही घेतलं होतं. वाक्य सोपं होतं. पण अक्कासमोर सोपी वाक्यंसुद्धा घशात अडकतात, याचा त्याला जन्मभराचा अनुभव होता.

चिमट्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पन्नाशी उलटलेला, चष्मा लागलेला, घरात जावई आलेला हा माणूस. त्याला चिमट्या म्हणायची हिंमत जगात एकाच बाईची होती. नाव तिनेच ठेवलं होतं, आणि ते का ठेवलं हे कळायला त्यांचं दुकान बघायला हवं.

दुकान सोफे दुरुस्तीचं. पुढून उघडं, आत निमुळतं होत गेलेलं, छताला टांगलेले खुर्च्यांचे सांगाडे, कोपऱ्यात काथ्याचा ढीग आणि रेक्झिनची भेंडोळी. वडिलांनी ते उभं केलं. वडिलांची नजर गेली तेव्हा अक्का कॉलेजात जायच्या बेतात होती. तिने पुस्तकं माळ्यावर टाकली, वडिलांची हातोडी उचलली आणि मूठभर बारीक खिळे तोंडात टाकले. या कामात खिळे तोंडातच धरतात. एक हात कापड ताणतो, दुसऱ्यात हातोडी, मग खिळे ठेवणार कुठे? गिऱ्हाईक यायचं, इकडेतिकडे बघायचं आणि विचारायचं, "कारागीर कुठे गेलाय?" अक्का एकेक खिळा जिभेने पुढे काढत शांतपणे ठोकत राहायची. शेवटचा ठोकून झाला की म्हणायची, "तोंड रिकामं झालं. आता बोला." हळूहळू लोकांनी कारागिराची चौकशी करणं सोडून दिलं.

एकच काम तिला एकटीला जमेना. जुन्या सोफ्यांच्या पोटात स्प्रिंगा असतात. त्या खाली दाबून सुतळीने एकमेकींना बांधाव्या लागतात. दाबायला एक माणूस, बांधायला एक. शिवाय पहिली गाठ मारली की दुसरी मारेपर्यंत ती सुटायला बघते, म्हणून दाबणाऱ्याने मोकळ्या हाताचं बोट तिच्यावर ठेवायचं. शाळेतून आलेल्या धाकट्या भावाच्या पाठीवरचं दप्तर उतरायच्या आधीच अक्काने त्याला या कामाला जुंपलं. त्याची पकड बघून ती म्हणाली, "हा पोरगा नाही, चिमटा आहे चिमटा." झालं, नाव पडलं ते पडलं. पुढे दोघांची लग्नं झाली, अक्का दोन गल्ल्या पलीकडे नांदायला गेली, पोरं मोठी झाली, पण दुकान दोघांचंच राहिलं. ती नुसतं "बोट" म्हणायची, की बोट गाठीवर हजर.

घरी राखीसुद्धा याच पद्धतीने बांधली जायची. भावाने उजवा हात पुढे करायचा, अक्काने पहिली गाठ मारून "बोट" म्हणायचं, आणि भावाने डाव्या हाताचं बोट तिच्यावर ठेवायचं. चिमट्याच्या बायकोला नव्या नवरीपणी हे बघून हसू आवरलं नव्हतं. "वन्सं, राखी बांधताय की सोफा?" असं ती विचारून बसली होती.

"सोफा बरा गं," अक्का म्हणाली होती, "तो उलटून बोलत नाही."

आणि मग चिमट्याला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, जीभ सावरली, उजवा हात मात्र रुसला तो रुसलाच. बोटं आत वळलेली. हलली तर स्वतःच्या मर्जीने हलायची. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणायच्या, "काका, हात मेलेला नाही, आळशी झालाय. त्याला काम द्या." त्यांनी दिलेला रबरी चेंडू खिडकीत धूळ खात पडला होता. चिमट्या तो हात झब्ब्याच्या खिशात ठेवायचा. जेवताना खिशात, टीव्ही बघताना खिशात, कोणी भेटायला आलं की आणखी खोल. आपली पकड गेलेली लोकांनी बघावी हे त्याला सोसत नव्हतं. अक्काने बघावी हे तर मुळीच नाही.

दुकानात काय चाललंय ते त्याला बायकोकडून कळायचं. स्प्रिंगांचं काम आलं की अक्का गिऱ्हाइकाला सांगायची, "माझा माणूस रजेवर आहे. घाई असेल तर दुसरीकडे न्या." लोक नेत होते. पलीकडचा गादीवाला आपणहून म्हणाला होता, "माझ्याकडचा एक जण देतो, दणकट आहे." त्यावर अक्काने चिमट्याच्या स्टुलाकडे हातोडी रोखून विचारलं होतं, "ती जागा रिकामी दिसतेय का तुम्हाला?" जागा रिकामीच होती. अक्का ते स्टूल रोज फडक्याने पुसायची, एवढंच. हे ऐकल्यापासून चिमट्याला चैन नव्हतं. बहीण आपल्यापायी हातचं काम घालवणार आणि आपण खिशात हात घालून बघत बसणार, हे त्याला पटत नव्हतं. म्हणून ते वाक्य आज बोलायचंच होतं.

राखीचा बंदोबस्त त्याने आदल्या दिवशीच केला होता. बायकोला बाजारात पिटाळून इलॅस्टिकची राखी आणवली होती. गाठ नको, बोट नको. डाव्या मनगटात सरकवली की काम फत्ते.

अक्का आली. साडी ठेवणीतली, पण पदराला काथ्याची एक काडी चिकटलेलीच.

"दाढी केलीस वाटतं. म्हणजे माझी थोडीफार भीती शिल्लक आहे," असं म्हणत ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. बायकोने निरांजन लावलं, तबक पुढे केलं. कुंकू लावून झालं आणि अक्काने राखी उचलली. ताणली. सोडली. फट्ट वाजली.

"हे काय गं?"

"इलॅस्टिकची आहे वन्सं. हल्ली सगळे हीच..."

"हे पायजम्यात घालतात," अक्का म्हणाली आणि तिने ती राखी शेजारच्या तांब्याच्या गळ्यात सरकवून दिली. "बघ, त्याला शोभते." मग पर्समधून तिने आपली राखी काढली. दुकानातल्या मेण लावलेल्या दोऱ्याची, तीन पदर पिळून वळलेली, मध्ये तांबडा रेशमी गोंडा.

"हात."

चिमट्याने चटकन डावा पुढे केला. आता वाद होणार म्हणून तो तयारीत होता. अक्काने त्याच्या खिशाकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं.

"डावा तर डावा," ती म्हणाली.

एवढ्यावर सुटलो, असं चिमट्याला वाटलं. अक्काने दोरा मनगटाभोवती फिरवला, पहिली गाठ मारली, दोन्ही टोकं ताणून धरली आणि म्हणाली, "बोट."

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. डावा हात तर अक्काच्या ताब्यात होता. उरलेली बोटं खिशात होती.

"ही ठेवेल," तो घाईघाईने म्हणाला. बायकोने बोट पुढे केलंही, पण अक्काने नुसतं बघितलं आणि ते मागे गेलं.

"उजवा दिला असतास तर बिचारा नुसता पडून राहिला असता. डाव्याने भागलं असतं," अक्का म्हणाली. "तूच त्याला कामाला लावलंस. आता काढ."

"अक्का, नाही जमत."

"मी धरून बसते. दुकान बंद आहे आज."

त्याला राग आला आणि त्या रागात घोकलेलं वाक्य एकदम बाहेर पडलं. "तू माझ्या स्टुलावर दुसरा माणूस बसव! माझ्याच्याने आता काही होणार नाही."

अक्काचे हात हलले नाहीत. "आधी गाठ होऊ दे," ती म्हणाली. "हात अडकलेत माझे. मग बोलू."

चिमट्याने हात बाहेर काढला. अक्काने तो नीट पाहिला. गिऱ्हाइकाने आणलेली मोडकी खुर्ची ती पाहायची तसा. हळहळ नाही, कुठून धरता येईल याचा विचार. हात थरथरत मनगटापर्यंत आला आणि गाठीऐवजी अक्काच्या अंगठ्यावर पडला. गाठ सुटली. अक्काने ती पुन्हा मारली. हात पुन्हा घसरला, पुन्हा गाठ सुटली. तोंडात खिळे असल्यासारखी ती पुन्हा पुन्हा गाठ मारत राहिली. चिमट्याच्या कपाळावर घाम आला. बोट काही सरळ होईना. शेवटी त्याने त्याचा नाद सोडला, वळलेल्या बोटाचा सांधाच गाठीवर टेकवला आणि वरून खांद्याचा भार दिला.

"दाब," अक्का म्हणाली.

"दाबलंय."

"अजून."

तो पुढे झुकला. गाठ जागची हलली नाही. अक्काने झपकन दुसरी गाठ मारली.

राखी जरा सैलच बसली होती. बायको ती घट्ट करायला पुढे झाली तशी अक्का म्हणाली, "हात लावू नकोस. त्याच्या हातचं काम आहे ते." आणि तिने निरांजन उचलून भावाला ओवाळलं. चिमट्याला रडू आलं. डोळे पुसायला त्याने डावा हात उचलला, पण उजवा खिशात घालायचं त्याला सुचलं नाही.

अक्काने तबक खाली ठेवलं. "हं, आता बोल. स्टुलाचं काय म्हणत होतास?"

चिमट्याने मनगटाकडे बघितलं. मग त्याने उजवा हात मांडीवर ठेवला आणि नाक ओढलं.

"बुटकं आहे ते," तो म्हणाला. "खांद्याचा भार द्यायचा तर उंच लागेल."

अक्काने पर्स उघडून माप घ्यायची टेप बाहेर काढली.

"सरळ बस," ती म्हणाली.