अकराव्या खांबावरचा कुरव

एकतीस वर्षं मी वायरमन होतो. मान वर करून तारा बघत चालायची सवय रिटायर झाल्यावरही गेली नाही, तेव्हा पुण्याच्या लेकीने एक दुर्बीण आणून दिली. "पप्पा, आता तारा सोडा, तारांवरचे पक्षी बघा," म्हणाली. तिनेच मला पक्षी बघणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घातलं. त्या ग्रुपचा कारभार शेजारच्या जिल्ह्यातले एक दातांचे डॉक्टर बघतात. दर जानेवारीत ते पाणथळ जागा वाटून देतात आणि ज्याने त्याने आपल्या वाट्याचे पक्षी मोजून कळवायचे. माझ्या वाट्याला तापीचा एक तुकडा आला. कोरीट गावाच्या पलीकडे शेतांमधून एक कच्ची वाट नदीवर उतरते, तिथून दोन्ही बाजूंना नजर पोचेल तेवढा.

ती जागा मला चांगली ठाऊक होती. पूर्वी तिथल्या खालच्या मळ्यांमध्ये पाण्याच्या मोटारींसाठी लाईन होती आणि ते खांब मी आणि माझ्या गँगनेच उभे केले होते. पुढे खाली बंधारा झाला, पाणी चढलं, मळे बुडाले. तारा काढून नेल्या, खांब मात्र तसेच राहिले. पाण्यात कमरेएवढे बुडालेले अकरा खांब. पहिल्या दिवशी सकाळी मी पोचलो तर प्रत्येक खांबावर एकेक पांढरा पक्षी बसलेला. राखाडी पाठ, लाल पाय, कानामागे शाई सांडल्यासारखा एक डाग. कुरव. समुद्रावरचा पक्षी, पण हिवाळ्यात आपल्याकडे आतपर्यंत येतो.

आता अडचण ऐका. असे कुरव दोन जातींचे येतात. एकाचं नाव तपकिरी डोक्याचा, दुसऱ्याचं काळ्या डोक्याचा. पण हिवाळ्यात तपकिरी डोक्याच्याचं डोकं तपकिरी नसतं आणि काळ्या डोक्याच्याचं काळं नसतं. दोघांचीही पांढरी. डोक्याला रंग चढतो तेव्हा ते इथे नसतात. म्हणजे नाव वापरायचं आपण आणि डोकं दाखवायचं परगावच्यांना. पक्का ओळखता आला नाही तर 'अनोळखी कुरव' असं लिहायची सोय डॉक्टरांनी दिलेल्या तक्त्यात होती. नोकरीत मी पुष्कळ बिघाडांपुढे 'कारण समजले नाही' असं लिहिलेलं आहे. तेव्हाच ठरवलं होतं की रिटायर झाल्यावर असं काही लिहायचं नाही.

मी दुर्बीण लावून बसलो. पाच मिनिटांत मागे एक शेतकरी येऊन उभा राहिला.

"नाना, काय दखी ऱ्हायनात?"

"पक्षी."

त्याने पाण्याकडे पाहिलं. "पक्षी तं शेतस. पन तुम्ही काय दखी ऱ्हायनात?"

मी पुन्हा पक्षी म्हणालो. तो हसला आणि गेला. अर्ध्या तासाने चौघांना घेऊन आला. त्यांचा हिशेब साधा होता: जुना वायरमन, हातात दुर्बीण, नजर जुन्या खांबांवर, मांडीवर वही. बंद लाईन पुन्हा चालू होणार, शिवाय दिवसा लाईट मिळणार. मी शपथ घेतली. ती घेतल्यामुळे त्यांचा संशय आणखी पक्का झाला, कारण बिनकामाची शपथ कोण घेतं? दुसऱ्या दिवशी माझ्या हातात सात अर्ज पडले. 'माझ्या खांबाचा प्राधान्याने विचार व्हावा.' नको म्हटलं तर माणसं हिरमुसतात, म्हणून घेतले. नंतर माझ्या जुन्या ऑफिसात नेऊन दिले आणि पोच आणली. पोच बघून ते इतके खूश झाले की पुढे कोणी काही विचारलंच नाही.

मी ग्रुपवर फोटो टाकला. डॉक्टरांनी लिहिलं, "हा पक्षी आहे की पिठाचा गोळा?" आणि खाली, "डोळा बघा. फिकट असेल तर तपकिरी डोक्याचा, काळा असेल तर काळ्या डोक्याचा." काठापासून त्या खांबांवरच्या पक्ष्याचा डोळा दिसणं म्हणजे रस्त्यावरून गच्चीवरच्या माणसाची मिशी मोजणं.

घरी बायकोला सांगितलं. तिने भाकरी थापता थापता विचारलं, "त्या काय खातस?"

"मासे. पण माणसं टाकतात ते फरसाणही खातात म्हणे."

"मंग फरसाण टाका. भुक्या पाहुना जवळ येस."

बाजारात फरसाणाचं दुकान एका मारवाडी शेठजींचं आहे. कशाला हवं ते सांगितल्यावर त्यांनी पुडा बांधता बांधता हात थांबवला. "पापडी नको, नाना. पापडी पाण्यात लगेच भिजते. गाठिया न्या, गाठिया तरंगतो." एवढ्या आस्थेने त्यांनी मला माझ्यासाठी कधी काही निवडून दिलेलं नव्हतं.

होडी एका मासेमाराची. मी, बायको, गाठिया, दुर्बीण आणि वही असे बसलो. काठावर तीसेक माणसं जमली होती, कारण सर्वे सुरू झाल्याचं सगळ्यांना कळलं होतं. होडीवाल्याने वल्हं पाण्यात घातलं आणि अदबीने विचारलं, "कोनत्या खांबपासून सुरू करानं?"

पहिल्या खांबापासून, मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

बायकोने मूठभर गाठिया उधळला आणि आभाळच खाली आलं. केकाटणं, पंखांचे फटके, थंडगार पाण्याचे शिंतोडे. मी दुर्बीण लावली तर नुसता पांढरा पडदा, कारण पक्षी दुर्बिणीसाठी फारच जवळ आले होते. त्यांना लांब जाऊ द्यावं तर डोळा दिसत नाही. शेवटी दुर्बीण बायकोच्या मांडीवर ठेवली आणि साध्या चष्म्याने बघायला लागलो. एक पक्षी माझ्या टोपीवर उतरला. त्याचा डोळा सोडून सगळ्यांचे डोळे दिसले, म्हणून त्याचा बायकोने बघितला. पोट भरल्यावर ते आपापल्या खांबांवर जाऊन बसले. होडी एकेका खांबाजवळून जात होती, मी त्याच्याकडे हात करून डोळ्याचा रंग मोठ्याने सांगत होतो आणि बायको वहीत लिहीत होती. "पहिला पांढरा! दुसरा पांढरा!" असे दहा झाले. अकराव्याचा डोळा काळाभोर निघाला, मिऱ्यासारखा. आनंदाने मी ओरडलो, "अकरावा काळा!"

काठावर लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग गलका.

होडी टेकली तशी गर्दीतून एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. जुने गुजर शेतकरी, वर केळीची बाग. सगळे त्यांना आप्पा म्हणत. अकराव्या खांबाखाली बुडालेला मळा त्यांचा होता.

"मन्हा खांब काळा काबर?" त्यांनी विचारलं. आपलाच खांब काळ्या यादीत का गेला, हे त्यांना हवं होतं.

"आप्पा, खांब नही. डोया काळा शे."

"कोना डोया?"

"पक्षीना."

त्यांनी वळून खांबाकडे, मग माझ्याकडे आणि मग माझ्या बायकोकडे पाहिलं, कारण तीच त्यातल्या त्यात शहाणी दिसत होती. तिने वही उघडून दाखवली. पान वाचून झाल्यावर आप्पांनी विचारलं, "म्हन्जे बाकीना खांबवर एक जातना, आनि मन्हा खांबवर दुसरी जातना?"

"हो."

"हाई ठीक नही."

त्या दिवसापासून गावात दोन पक्ष पडले. चहाच्या टपरीवर लोक तपकिरीवाले आणि काळेवाले असे वेगळे बसू लागले. ज्यांचा मळा बुडालाच नव्हता ते म्हणाले, आम्हाला दोन्ही सारखे. लाईनीचा विषय मागे पडला तो पडलाच.

मी निकाल ग्रुपवर कळवला: दहा तपकिरी, एक काळा. डॉक्टरांचं उत्तर आलं, "अभिनंदन. मात्र तपकिरी डोक्याच्या पहिल्या वर्षाच्या पिल्लाचाही डोळा काळाच असतो. पंख बघा. पुढची कड टोकापर्यंत पांढरी असेल तर काळ्या डोक्याचा. टोकाकडचा भाग सगळा काळा असेल तर तपकिरी डोक्याचा." हे आधी का नाही सांगितलं, विचारलं. ते म्हणाले, एका वेळी एकच दात.

आता पक्षी उडताना बघायला हवा होता, आणि अकरावा तर आळशी. आप्पांचं घर बागेतच असल्यामुळे त्यांनी लक्ष ठेवायचं कबूल केलं. रोज सकाळी फोन यायचा. "आज बठेल शे." "आज उडना, पन पाठ फिराईसन उडना." एकदा म्हणाले, "नाना, तपकिरी लिखी टाका ना. दहा तपकिरीमा एकला काळा कसा ऱ्हाई? संगतमा ऱ्हास तो." फोन स्पीकरवर होता. बायको चुलीकडूनच म्हणाली, "काळा ऱ्हायना तं काय बिघडनं, आप्पा? आपलाच शे."  मग आप्पा म्हणाले, "हाई बी खरं शे." आणि दुसऱ्या दिवसापासून ते काळेवाले झाले, इतके कट्टर की टपरीवर तपकिरीवाल्यांशी बोलेनात.

यादी पाठवायच्या शेवटच्या दिवशी मी आणि आप्पा काठावर शेजारी बसलो होतो. दोन तास काही नाही. आप्पांनी हात पुढे केला. "दुर्बीण द्या बरं जरा." मी दिली. त्याच क्षणी वरून एक घार आली आणि अकराही खांब एकदम रिकामे झाले. मला नुसत्या डोळ्यांना पांढरे ठिपके दिसले. दुर्बीण मागायला वेळच नव्हता. आप्पा उठून उभे राहिले आणि ओरडले, "पांढरी पट्टी! पार टोकलगून! काळा शे, नाना, काळा शे!"

मी काय करणार होतो? पुन्हा वर्षभर थांबणार होतो? आप्पांच्या शब्दावर मी 'काळ्या डोक्याचा कुरव – १' असं लिहिलं आणि तिथूनच पाठवून दिलं. डॉक्टरांनी लगेच हाताच्या अंगठ्याचं चित्र पाठवलं.

मग चहा घेता घेता मी सहज विचारलं, "पट्टी दोन्ही पंखांना दिसली ना?"

"दोन्ही काय, च्यारी पंखले," आप्पा म्हणाले.

मी कप खाली ठेवला. "आप्पा, पक्ष्याला पंख किती?"

ते जरा चिडले. "मले सांगू नका. तुम्ही कुठं दखं? मी दखं. च्यार व्हतात."

मी तीन बोटं वर केली. ते पाच-सहा म्हणाले. उन्हात त्यांच्या डोळ्यांकडे नीट बघितलं तर दोन्ही बुबुळांवर दुधावर धरते तशी साय. मोतीबिंदू. केळीचे घड ते हाताने चाचपून जोखत असणार आणि वाटा पायांना पाठ असणार. घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. गेल्या तीन आठवड्यांचे सगळे फोन मला आठवले. "आज बठेल शे." कोण बसलं होतं, देव जाणे.

यादी मागे घ्यावी का, यावर मी एक दिवस काढला. डॉक्टरांना सगळं खरं कळवलं. त्यांनी लिहिलं, नोंद तूर्त राहू द्या, आधी त्या गृहस्थांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. त्यांचा मुलगा सुरतला, सून घाबरट, म्हणून आप्पांना चिंचपाड्याच्या दवाखान्यात मीच नेलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. फेब्रुवारी संपता संपता काळा चष्मा लावून ते पुन्हा काठावर आले. मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली.

ते खूप वेळ बघत राहिले. पक्ष्यांची डोकी आता रंगायला लागली होती.

"दहाना डोका तपकिरी व्हई ऱ्हायना," आप्पा म्हणाले.

"आणि अकरावा?"

"त्याना बी तपकिरीच!" त्यांनी दुर्बीण खाली घेतली. चेहरा उतरला होता. "म्हन्जे मी खोटा पडनू."

एवढ्यात एक होडी जवळून गेली आणि पक्षी उठले. या वेळीही दुर्बीण आप्पांकडेच होती, पण अकरावा सरळ आमच्या डोक्यावरून गेला, इतक्या खालून की मलाही दिसलं. पंखाची पुढची कड टोकापर्यंत पांढरी स्वच्छ. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे सांगितलं की काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकं मुळात काळं नसतंच, गडद तपकिरी असतं. नाव ठेवणाऱ्याने लांबून बघितलं असावं.

मी ते आप्पांना सांगितलं. ते दगडावर बसले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. नव्या डोळ्याला पाणी आणू नका, असं मला त्यांना दोनदा बजावावं लागलं.

मार्चात पक्षी गेले. दुसऱ्या डोळ्यासाठी मी त्यांना पुन्हा चिंचपाड्याला नेलं. बाहेरच्या बाकावर एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेली आठ-दहा म्हातारी माणसं ओळीने बसली होती, बरीचशी डोंगराकडची. मी कागद दाखवायला खिडकीपाशी गेलो. परत येऊन बघतो तर आप्पा त्यांच्यासमोर उभे राहून दोन्ही हात पसरून सांगत होते, "डोकं दखू नका. डोकं खोटं ऱ्हास. पंख दखा." त्यांची भाषा निम्म्यांना कळत नव्हती, पण सगळे एकेका डोळ्याने त्यांच्या हातांकडे टक लावून बघत होते. एका म्हातारीने काहीतरी विचारलं. शेजारच्याने ते आप्पांना समजावून सांगितलं.

"ती पुशी ऱ्हायनी," तो म्हणाला, "तो पक्षी खाता येस का?"

आप्पांनी हात खाली घेतले आणि माझ्याकडे वळून पाहिलं. तेवढ्यात आतून नर्सने त्यांना हाक मारली.