ट्रकचा टर्बो

"दम घेऊ द्या जरा," हे पुंजारामचं कायमचं वाक्य. चहा पुढे आला तरी हेच, भांडण अंगावर आलं तरी हेच. भांडणातलं चोख उत्तर त्याला दोन-तीन दिवसांनी, गाडी धुताना सुचायचं. आपण किती सुस्त आहोत हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरे, आणि सांगायलाही वेळ लावी.

अशा माणसाच्या हाती पेठकडची स्ट्रॉबेरी नाशिकला पोचवायचं काम होतं. माल सविताचा. डोंगरउतारावर तिनं दोन वर्षं जिवापाड जपलेलं हे पीक इतकं नाजूक, की उन्हात तासभर जास्त गेला तरी खोक्यातून रस गळू लागे.

या हिवाळ्यात पुंजारामच्या पिकअपचा घाटातला जोर गेला. मागून त्याच रस्त्यानं माल नेणारा तरणा हर्षल आपली पिकअप घेऊन यायचा आणि पुढे जाताना ओरडायचा, "मामा, ढकलू का?"

पुंजाराम नाशिकला मिस्त्रीकडे गेला. मिस्त्री म्हणाला, "आधी टर्बोचा पाइप बघू. हवा कुठं तरी गळत असंल."

पण पुंजारामची नजर कोपऱ्यातल्या एका जाडजूड टर्बोवर खिळली होती. "तो बसव."

"मामा, तो ट्रकचा हाय. इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बोचं चाक फिरतं, मग ते इंजिनात हवा कोंबतं. हे चाक मोठं. तुमच्या इंजिनाचा धूर त्याला पुरायचा नाय. जोर उशिरा येईल."

"उशिराची मला सवय हाय," पुंजाराम म्हणाला. टर्बो बसला. पाइप राहिला.

सपाट रस्त्यावर गाडी अशी शिट्टी मारू लागली, की पुंजाराम काचा खाली करून पेठच्या बाजारातून दोनदा उगाच फिरून आला.

मग सावळघाट आला. मागे खोकी, शेजारी सविता. चढाला गाडी हळू, म्हणून धूर कमी. धूर कमी, म्हणून मोठं चाक झोपलेलं. ते कुठं जागं होऊन शिट्टी घालू लागावं, तर नेमकं वळण यायचं. वळणावर पाय सैल केला, की चाक पुन्हा डुलकी घ्यायचं. मागे काळा धूर. एक म्हातारी शेळ्या घेऊन शेजारून वर निघून गेली.

"काका, शिट्टी लय वाजते," सविता म्हणाली. "गाडी कवा चालायची?"

"माझाच स्वभाव लागलाय तिला," पुंजाराम म्हणाला, आणि गाडी बंदच पडली.

तो खाली उतरला. ऊन वर आलं होतं. मागच्या फळीवरून लाल थेंब रस्त्यावर पडत होते. नेहमीचं वाक्य ओठांवर आलं होतं, ते त्यानं गिळलं. मागून हर्षल आला, तेव्हा पुंजारामनंच हात वर केला.

"मामा, ढकलू का?"

"ढकलू नको. माल घे."

हर्षलचं हसू विरलं. त्यानं वरच्या रुंद जागी गाडी लावली, आणि तिघांनी खोकी वाहून नेली.

"आन् उद्या?" सवितानं विचारलं.

"उद्याबी यालाच सांग. मी आधी ट्रकचं ट्रकला देतो, जुना टर्बो बसवतो. मग तो पाइप बघतो. मिस्त्रीनं पहिल्या दमात सांगितला होता, पण माझ्या डोक्यात हवा पोचायला एवढा घाट लागला."

सविता हसली नाही. "पाइप झाला की या काका. फळं अजून महिनाभर निघतील. पण रिकाम्या गाडीनं घाट चढून दाखवा आधी."

"दाखवीन," म्हणून तो वळला. दोन्ही हात मागे बांधून, धूर सोडून गप्प झालेल्या आपल्या पिकअपकडे उतरू लागला. हर्षलनं आरशात बघत गाडी हळूच पुढे काढली, हॉर्न न वाजवता. खोक्यांवर हात ठेवून मागे बसलेली सविता मात्र गाडी वळणाआड जाईपर्यंत त्याच्या पाठीकडेच बघत राहिली.