क्रेनचं पान

वहीच्या पहिल्याच पानावर दोन चित्रं आहेत. वर कारखान्यातली क्रेन: आडवा गर्डर, दोर, आकडा, सगळं मापात. खाली एक लांब मानेचा पक्षी. तो मापात नाही, कारण तो एका जागी उभाच राहत नव्हता.

वहीचा मालक सदतीस वर्षं लेथवर होता. टर्नर. आता वय अडुसष्ट. त्याला इंग्रजी आलं ते हातांतून, म्हणून प्रत्येक शब्दाला एकच वस्तू. बेड म्हणजे लेथचा पाया, जॉब म्हणजे मशीनवर चढवलेला लोखंडाचा तुकडा. एवढ्यावर त्याचं कधी अडलं नाही.

मुलगी तिसरीत जाईपर्यंत. ती संध्याकाळी त्याच्या गुडघ्याला टेकून शब्द विचारायची आणि तो सांगायचा. एकदा शाळेत क्रेनचं चित्र घरून काढून आणायला सांगितलं होतं. रोज डोक्यावरून फिरणारी ती क्रेन त्याने स्वतः पट्टी घेऊन काढून दिली. वर्गात बाकी सगळ्यांनी क्रेन नावाचा पक्षी काढून आणला होता. पोरं हसली. बाईंनी लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढलं.

घरी आल्यावर मुलगी एवढंच म्हणाली, "बाबा, माहीत नव्हतं तर तसं सांगायचं ना."

दुसऱ्या दिवसापासून ती शब्द विचारायला शेजारच्या काकूंकडे जायला लागली.

त्याच आठवड्यात टर्नरने वही आणली. पुढच्या वेळी ती विचारेल तेव्हा तोंडघशी पडायचं नाही, हा बेत. एका शब्दाला एक पान. शब्दकोशही आणला, पण त्यावर त्याचा विश्वास बसेना. मापून पाहिल्याशिवाय जॉब पास करायचा नाही, ही हाताला लागलेली सवय. म्हणून नियम केला: वस्तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली तरच तिचा अर्थ पानावर चढवायचा.

पक्ष्यासाठी तो चार रविवार तळ्यावर गेला.

"घरात कोण बसलंय ते दिसत नाही, आणि निघाले बगळा बघायला," बायको म्हणायची.

"बगळा नाही. करकोचा."

"तोच तो. एका पायावर उभा राहून काही करत नाही. आरशात बघा की."

तीन रविवार बगळेच दिसले, ते त्याने चढवले नाहीत. चौथ्या रविवारी करकोचा आला.

मग त्याला नादच लागला. 'प्लेट'साठी छापखान्यात गेला, दातांच्या डॉक्टरकडे कवळी पाहून आला. 'ब्रिज'साठी त्याच डॉक्टरकडे पुन्हा. डॉक्टर वैतागून म्हणाला, "काका, दात दुखतोय का तुमचा?" 'की'साठी पेटी शिकवणाऱ्या मास्तरांच्या घरी तासभर बसला. चारशे बारा पानं झाली. मुलगी शिकली, नोकरीला लागली, परदेशी गेली. वहीबद्दल त्याने तिला कधी सांगितलं नाही. तिने विचारावं आणि आपण सांगावं, एवढंच त्याला हवं होतं. न विचारता सांगणं त्याला पटेना.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला, अवेळी. "बाबा, नळ गळतोय. इथला माणूस चार दिवसांनी येणार म्हणतो. खाली दुकान आहे, पण मागू काय?"

"गळतंय कुठून? तोंडातून की चावीपाशी?"

"तोंडातून."

"मग वॉशर गेलाय. अर्ध्या इंची. पण नळाचा म्हण हं, नाहीतर कपडे धुवायचं मशीन गळ्यात मारतील."

ती हसली. "त्यालाही वॉशरच?"

"गाडीची काच धुतं त्यालाही."

"तुम्हाला बरं माहीत!" ती म्हणाली आणि दुकान बंद होईल म्हणून फोन ठेवला. तासाभराने निरोप आला: 'बसला.'

पुढच्या रविवारी तिच्या फोनच्या नेहमीच्या वेळेआधीच तो वही मांडीवर घेऊन बसला. मुलगी थंडीबद्दल बोलली, आईच्या गुडघ्याबद्दल बोलली आणि फोन ठेवला. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच.

"ती विचारत नाही तर तुम्ही विचारा," बायको म्हणाली. "सव्वीस वर्षं झाली. तोंड काय तिला एकटीलाच दिलंय?"

परवाच्या रविवारी बायकोचं बोलून झाल्यावर त्याने फोन मागून घेतला.

"काय गं, तुमच्या गावात हत्ती आहे का?"

"हत्ती? प्राणिसंग्रहालयात आहेत दोन. का हो?"

"पाहायचाय. ट्रंकेचं पान अर्धंच राहिलंय. पेटी झाली, झाडाचं खोड झालं. सोंड तेवढी राहिली."

बायकोने भाजी निवडायची थांबवली.

"कसलं पान, बाबा?"

त्याने चष्मा पुसला, वही पहिल्यापासून उघडली आणि घसा साफ केला.

"क्रेन," तो म्हणाला. "याचे दोन अर्थ आहेत."