सुलभाचा कालथा

आमची सुलभा पहाटे चारला कालथ्याने नळाचा पाइप बडवायची. लालबागच्या आमच्या चाळीत पाणी चारला यायचं आणि लगेच जायचं. "उठा रे मेल्यांनो, पाणी इलां!" गजराच्या घड्याळाला टपली मारून गप्प करता येतं. हिला कोण गप्प करणार? मी तर नाहीच.

बाई गोड नव्हती. गेली म्हणून खोटं लिहिणार नाही. चाळ पाठीमागे तिला शिव्या घालायची. पण हंडे सगळ्यांचे भरलेले असायचे.

शेजारचा नितीन गॅलरीत, आमच्या दाराशी झोपायचा. झोपायचा कसला, ओंडका पडलेला असायचा. पाइपला दाद देत नाही म्हणून ही त्याच्या तोंडावर तांब्या ओतायची. "मेल्या, परीक्षा तुझी आसा काय माझी?"

तो डोळे मिटूनच ओरडायचा, "उठलंय गो काकी!" आणि कूस बदलायचा. ही दुसरा तांब्या भरायची. दहावीपासून बी.कॉम. होईपर्यंत हेच चाललं. तो कंटाळला, ही नाही.

आता तो नितीन सर झालाय. यशस्वी कसं व्हावं ते शिकवतो. बॅनरवर हाताची घडी घालून उभा असतो. चारला उठणारा माणूस मोठा होतो म्हणे. मग आमची अख्खी चाळ बंगल्यात राहायला हवी होती.

सुलभा गेली तेव्हा इस्त्रीचा पांढरा झब्बा घालून आला. "काका, पॉझिटिव्ह राहा," म्हणाला आणि दादरच्या कार्यक्रमाचा पास हातात ठेवला. मी गेलो. एवढ्या लोकांसमोर त्याने एकदा तिचं नाव घ्यावं, एवढ्यासाठीच गेलो.

सर स्टेजवर येरझाऱ्या घालत म्हणाले, "मला कधीच कुणी उठवलं नाही. माझं घड्याळ माझ्या आत होतं!" टाळ्यांचा कडकडाट.

मी चौथी शिकलेला माणूस. भाषण मला येत नाही. उभा राहिलो, काठीने पुढची लोखंडी खुर्ची बडवली आणि तिच्यासारखंच ओरडलो, "उठ रे मेल्या, पाणी इलां!"

"उठलंय गो काकी!"

माइक चालू होता. हॉलभर घुमलं. लोक पोट धरून हसले. सरांचं तोंड तांब्या ओतल्यासारखं झालं.

मी खाली बसलो. ती गेल्यापासून तिला एवढ्या मोठ्याने कुणी हाक मारली नव्हती.